लास्ट आदेशात रात्री साडेबाराचे लॉगिन, पण कर्मचारी तर घरी होत्या : डब्ल्यूटीएमपीतील नोंद चुकीची आहे हे कसे तपासावे?

मूळ प्रश्न : सांगली

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातील एका पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो. यंत्र जुने आहे, त्यावर रेड हॅट घराण्यातील लिनक्स आहे आणि काउंटरवरील कर्मचारी विंडोजच्या संगणकांवरून पुट्टी हा दूरच्या यंत्रात शिरण्याचा कार्यक्रम वापरून त्यात शिरतात व अक्षरपटलावरच्या जुन्या प्रणालीत व्हाउचर भरतात. वैधानिक लेखापरीक्षण सुरू असताना लेखापरीक्षकांनी मे महिन्यातील लॉगिन नोंदी मागितल्या. कोण केव्हा आत शिरले व बाहेर पडले ते डब्ल्यूटीएमपी या धारिकेतून (फाइलमधून) वाचून दाखवणारा लास्ट हा आदेश चालवून मी यादी छापून दिली आणि तिथूनच सगळे प्रकरण उभे राहिले.

त्या यादीनुसार आमच्या एक लिपिक भगिनी १५ मे रोजी रात्री १२ वाजून २६ मिनिटांनी आत शिरल्या. त्याच खात्याची दुसरी ओळ १२ वाजून २९ मिनिटांची आहे, आणि ती दुसऱ्याच काउंटरच्या आयपी पत्त्यावरची आहे. आणखी तीन कर्मचाऱ्यांची सत्रे १४ तारखेच्या सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत चालू दिसतात. कार्यालयाचे शटर रात्री आठच्या आत खाली येते. त्या भगिनींच्या खात्यातून १२ वाजून ३१ आणि ३८ मिनिटांनी दोन व्हाउचर मंजूर झाल्याचे प्रणालीतही दिसते, त्यामुळे समितीने त्यांना खुलासा मागणारे पत्र दिले आहे. आपण त्या रात्री घरी होतो, असे त्या ठामपणे सांगतात आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. परंतु माझ्या विश्वासाला समितीपुढे काही किंमत नाही, शिवाय ती यादी मीच छापून दिली होती, याची टोचणी मला आहेच.

सर्व्हरचे घड्याळ आज अचूक आहे, मी ते भ्रमणध्वनीशी ताडून पाहिले. मग नोंद चुकीची कशी असेल? आणि चुकीची असेल तर ते सिद्ध कसे करावे?

प्रतिसाद १ : मिरज

सर्वप्रथम बाहेरच्या व्यक्तीचा हात नाही ना, हे पाहावे. लास्टबी हा आदेश फसलेल्या लॉगिनच्या नोंदी दाखवतो, त्या बीटीएमपी नावाच्या धारिकेत असतात. त्या रात्रीच्या सुमारास एकाच खात्यावर पासवर्डचे अनेक फसलेले प्रयत्न दिसले, तर विषय वेगळ्या वळणाचा आहे. काउंटरवर पासवर्ड एकमेकांना सांगण्याची सवय असेल, तर तेही आताच स्पष्टपणे विचारून घ्यावे.

प्रतिसाद २ : कराड

धागाकर्त्यांना पहिली विनंती अशी की सर्व्हर कृपया रिबूट करू नका. तुमच्या घराण्यातील लिनक्सवर व्हार-लॉगखाली जर्नल नावाची निर्देशिका मुद्दाम तयार केलेली नसेल, तर सिस्टिमडीचे, म्हणजे यंत्रातील सेवा चालवणाऱ्या कार्यक्रमाचे, जर्नल (घडामोडींची नोंदवही) फक्त रन या तात्पुरत्या जागेत, म्हणजे मेमरीतच राहते आणि रिबूट होताच नाहीसे होते. १४ मेपासून यंत्र बंद झाले नसेल तर तुमचा सर्वांत मोलाचा पुरावा तिथे आहे. जर्नलची, डब्ल्यूटीएमपीची आणि सिक्युअर (लॉगिनचा) व मेसेजेस (सर्वसाधारण) या दोन लॉगची प्रत आजच दुसऱ्या यंत्रावर घ्या. जुने लॉग बाजूला काढून नवे सुरू करणारा लॉगरोटेट साधारणपणे दर महिन्याला डब्ल्यूटीएमपी फिरवतो, तेव्हा मेची नोंद फिरवलेल्या धारिकेत गेली असेल तर लास्टला एफ हा पर्याय देऊन ती धारिका वाचावी लागेल.

आता मूळ मुद्दा. लॉगिनच्या नोंदी तीन ठिकाणी असतात आणि त्यांची गल्लत केली की पुढचा सगळा तपास भरकटतो. युटीएमपी म्हणजे या क्षणी आत कोण आहे याची यादी असून हू आणि डब्ल्यू हे आदेश पूर्वापार तीच वाचतात. डब्ल्यूटीएमपी ही रोजकीर्द आहे. तिच्यात प्रत्येक प्रवेश, प्रत्येक निर्गमन आणि प्रत्येक बूट यांची नोंद शेवटाला जोडली जाते व लास्ट ती उलट्या क्रमाने वाचतो. लास्टलॉगमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचा फक्त शेवटचा प्रवेश असतो आणि तोही नावाने नव्हे, तर यूआयडीच्या, म्हणजे यंत्राने खात्याला दिलेल्या, क्रमांकाने. या तिन्हींत कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, काहीही लिहीत नाही. एसएसएचडी (जाळ्यावरून येणारे लॉगिन स्वीकारणारा), लॉगिन, सिस्टिमडी अशा कार्यक्रमांनी आपापल्या वेळी, त्या क्षणी यंत्राचे घड्याळ जे सांगत होते त्यावर भिस्त ठेवून केलेल्या या टिपा आहेत. तेव्हा आज घड्याळ बरोबर आहे की नाही, या प्रश्नाने काही साधत नाही. नोंद लिहिली गेली त्या मिनिटाला घड्याळ काय दाखवत होते, हे शोधावे लागेल.

त्यासाठी दोनच आदेश चालवा आणि उत्तर इथे लिहा. हूला बी हा पर्याय दिला की युटीएमपीत लिहिलेली बूटची वेळ मिळते. अपटाइमला एस हा पर्याय दिला की यंत्र किती सेकंद चालू आहे ते मोजून, आताच्या वेळेतून वजा करून बूटची वेळ मिळते. घड्याळ मध्ये कुठेही सरकले नसेल तर या दोन वेळा जवळपास एकच यायला हव्यात.

प्रतिसाद ३ : सांगली, धागाकर्ता

प्रती घेतल्या. यंत्र १४ मेनंतर बंद झालेले नाही.

हू सांगतो, बूट १५ मे रोजी रात्री ००:२० वाजता झाले. अपटाइम सांगतो, १४ मे रोजी संध्याकाळी १८:५० वाजता. मी तीनदा चालवून पाहिले.

प्रतिसाद ४ : कराड

फरक नेमका साडेपाच तासांचा आहे. भारतीय प्रमाणवेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या पुढे तेवढीच असते, त्यामुळे हा योगायोग मानण्यास माझे मन तयार नाही.

त्या संध्याकाळी यंत्र कोणी उघडले होते का? मदरबोर्डवरील घड्याळाला कोणी हात लावला होता का?

प्रतिसाद ५ : सांगली, धागाकर्ता

होय. आपण विचारल्यावर सगळे आठवले आणि अंगावर काटा आला.

१४ तारखेला दुपारी वळिवाचा जोराचा पाऊस झाला आणि वीज गेली. इन्व्हर्टर उतरल्यावर चारच्या पुढे सर्व्हर रीतसर बंद न करताच बंद पडला. सहाच्या सुमारास वीज आली, परंतु सर्व्हर सुरू होताना तारीख-वेळ हरवल्याची सूचना देऊ लागला. शेजारच्या दुकानातील तंत्रज्ञाला बोलावले, त्याने मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सेल बदलला आणि बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) मनगटी घड्याळ पाहून वेळ भरली. त्यानंतर सर्व्हर सुरू झाला आणि त्या दिवसाची उरलेली कामे काउंटरवर उरकण्यात आली. इंटरनेटची जोडणी मात्र सातनंतर कधीतरी आली.

प्रतिसाद ६ : कराड

मग कोडे सुटले, आता फक्त मांडणी करायची आहे.

तंत्रज्ञाने संध्याकाळची भारतीय वेळ बायोसमध्ये भरली. त्याच्या बाजूने यात काही गैर नव्हते, विंडोज मदरबोर्डवरील घड्याळ स्थानिक वेळेतच धरते आणि त्याचे रोजचे काम विंडोजच्या यंत्रांवर चालत असणार. परंतु लिनक्सचे सर्व्हर ते घड्याळ यूटीसीत आहे असे धरून चालतात. तसे ते धरावे की नाही, हे इटीसीमधील ॲडजटाइम या धारिकेच्या तिसऱ्या ओळीत लिहिलेले असते. घड्याळात १८:५० होते, लिनक्सने ते यूटीसी मानले, त्यात साडेपाच तास मिळवले आणि यंत्राच्या लेखी रात्रीचे ००:२० झाले, म्हणजे १५ तारीख उजाडली. इंटरनेट नसल्यामुळे घड्याळ जुळवणाऱ्या क्रॉनी या कार्यक्रमाला वेळेच्या सर्व्हरपर्यंत पोहोचता आले नाही. काउंटर मात्र आतल्या जाळ्यावर असल्याने लॉगिन होत राहिले आणि तेवढ्या काळातील प्रत्येक नोंद साडेपाच तास पुढची पडली. जोडणी आल्यावर क्रॉनीने घड्याळ एका झटक्यात मागे घेतले. इतकेच नव्हे, आरटीसीसिंक ही ओळ क्रॉनीच्या मांडणीत असेल तर कर्नल दर ११ मिनिटांनी बरोबर वेळ मदरबोर्डच्या घड्याळातही लिहीत राहतो. म्हणून आज तुम्हाला दोन्ही घड्याळे निर्दोष दिसतात. चुकीची खूण यंत्राने स्वतःच पुसून टाकली आहे.

जर्नलमध्ये १४ मेच्या बूटपासून क्रॉनीच्या ओळी शोधा. घड्याळ सरकवल्याची ओळ असेल आणि तीत सुमारे १९,८०० सेकंद हा आकडा असेल. ५.५ गुणिले ३,६००.

प्रतिसाद ७ : सांगली, धागाकर्ता

ओळ मिळाली. १९,८०० आणि वर दशांशात काहीतरी.

प्रतिसाद ८ : सातारा

मी साताऱ्यात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. कराडकरांचे निदान मला पूर्ण मान्य आहे, परंतु समितीपुढे जाण्याआधी दोन गोष्टी घट्ट करून घ्याव्यात.

पहिली अशी, की समिती विचारील, लॉगिनची नोंद चुकीची असेल, पण व्हाउचरवरही १२:३१ आणि सिक्युअर लॉगमध्येही १२:२६ आहे, मग तिन्ही कसे चुकले? याचे उत्तर आधीच लिहून ठेवा. डब्ल्यूटीएमपी, सिक्युअर लॉग आणि प्रणालीचा डेटाबेस या तिघांनी वेळ एकाच यंत्राच्या एकाच घड्याळाला विचारली होती. त्यांचे एकमत होणारच होते, आणि त्या एकमतातून काहीही सिद्ध होत नाही. स्वतंत्र पुरावा म्हणजे ज्याचे घड्याळ वेगळे आहे तो. हजेरीचे अंगठ्याचे यंत्र, कॅमेऱ्याचे चित्रण, राउटरचा लॉग यांपैकी जे असेल ते पाहा, मात्र त्या प्रत्येकाचे घड्याळ आज किती मागेपुढे आहे तेही टिपून ठेवा, नाहीतर एका चुकीच्या घड्याळाने दुसरे तपासल्यासारखे होईल.

दुसरी गोष्ट अशी, की घड्याळ सरकले तरी न सरकणारे एक मोजमाप यंत्रात असते. बूट झाल्यापासून किती सेकंद झाले ही मोनोटॉनिक गणना कोणी तारीख बदलली तरी मागे जात नाही, आणि जर्नल प्रत्येक ओळीसोबत ती जपून ठेवते. जर्नलसीटीएलला ओ या पर्यायासोबत शॉर्ट-मोनोटॉनिक हे रूप मागा, म्हणजे तारखेऐवजी बूटपासूनचे सेकंद छापले जातील. त्या भगिनींच्या लॉगिनची एसएसएचडीची ओळ कितव्या सेकंदाला आहे आणि क्रॉनीने घड्याळ सरकवल्याची ओळ कितव्या सेकंदाला, हे दोन आकडे मिळाले की खरी वेळ वजाबाकीने निघेल.

प्रतिसाद ९ : सांगली, धागाकर्ता

मॅडम, आपण सांगितल्याप्रमाणे केले. हिशेब इथे मांडतो, चूक असल्यास कृपया दाखवावी.

घड्याळ सरकवल्याची ओळ बूटपासून १,२६० व्या सेकंदाला आहे आणि त्यानंतर लगेच पडलेल्या ओळींवर १४ मे, १९:११ ही बरोबर वेळ आहे. १,२६० सेकंद म्हणजे २१ मिनिटे, म्हणून बूट १८:५० ला झाले. भगिनींचे लॉगिन ३७२ व्या सेकंदाला आहे, म्हणजे ६ मिनिटे १२ सेकंदांनी. खरी वेळ १४ मे, संध्याकाळी १८:५६:१२. डब्ल्यूटीएमपीत ००:२६:१२ आहे आणि फरक पुन्हा बरोबर साडेपाच तासांचा. व्हाउचर १९:०१ आणि १९:०८ चे ठरतात, दोन्ही दुरुस्तीच्या आधीचे.

हजेरी यंत्रावर त्यांचा बाहेर जाण्याचा अंगठा १९:३८ चा आहे, आणि ते यंत्र आज एक मिनिटही मागेपुढे नाही. लास्टमध्ये त्यांच्या सत्राचा शेवट १४ मे, १९:३४ असा आहे. म्हणजे प्रवेश १५ तारखेच्या ००:२६ ला आणि निर्गमन त्याच्या आदल्या संध्याकाळी, त्यामुळे कालावधीच्या रकान्यात उणे आकडा पडला आहे! ती उणे खूण छापील यादीत पहिल्या दिवसापासून होती. मी ती पाहिली होती आणि छपाईतील दोष समजून पुढे गेलो होतो.

आता उरलेले दोन प्रश्न. १२:२९ ची दुसरी ओळ दुसऱ्या काउंटरवरून कशी, आणि ते तीन कर्मचारी मध्यरात्रीपर्यंत आत कसे?

प्रतिसाद १० : कराड

हिशेब बरोबर आहे.

तीन कर्मचाऱ्यांच्या ओळींत शेवटच्या वेळेच्या जागी क्रॅश हा शब्द असेल, पाहा. वीज गेल्यामुळे यंत्र अचानक बंद पडले, तेव्हा त्यांच्या निर्गमनाची नोंद लिहायला कोणी उरलेच नव्हते. लास्टला प्रवेश दिसतो, निर्गमन दिसत नाही आणि पुढे मध्ये शटडाउनची नोंद नसताना थेट बूटची नोंद दिसते. मग तो सत्राचा शेवट त्या बूटच्या वेळेलाच धरतो आणि कालावधीही तसाच मोजतो. इथे बूटची वेळच ००:२० पडली असल्याने सकाळी १०:०५ ला आलेला माणूस सव्वाचौदा तास आत होता असे छापले जाते. प्रत्यक्षात ते सगळे चारनंतर सर्व्हर बंद पडला तेव्हाच बाहेर फेकले गेले. घड्याळ बरोबर असते तरी हा आकडा खोटाच निघाला असता, फक्त कमी डोळ्यांवर आला असता. आपल्याकडे वीज ज्या रीतीने जाते-येते ते पाहता, क्रॅश असलेल्या ओळीतील कालावधी कामाच्या तासांसाठी कधीही धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद ११ : विटा

दुसऱ्या ओळीबाबत. तुमच्या खात्यांची नावे लांब आहेत का? लास्ट सरळ चालवला तर तो नावाची पहिली आठच इंग्रजी अक्षरे छापतो. डब्ल्यू हा पर्याय देऊन पाहा.

प्रतिसाद १२ : सांगली, धागाकर्ता

अगदी तेच निघाले. आमची खाती शाखेच्या नावाने सुरू होतात आणि शेवटी काउंटरचा क्रमांक येतो, त्यामुळे पहिली आठ अक्षरे सगळ्यांची सारखीच आहेत. १२:२९ ची ओळ दुसऱ्या काउंटरवरील दुसऱ्याच कर्मचाऱ्याची आहे. एकाच व्यक्तीने दोन जागांवरून एकाच वेळी प्रवेश केला, हा आरोपपत्रातील सर्वांत गंभीर मुद्दा होता, आणि तो केवळ रकान्याच्या रुंदीतून उभा राहिला होता.

प्रतिसाद १३ : मिरज

मी सुरुवातीला पासवर्डच्या देवघेवीची शंका घेतली होती, ती मागे घेतो.

एक सुचवतो. युटीएमपीडम्प या आदेशाने डब्ल्यूटीएमपी साध्या मजकुरात उतरवता येते, आणि आर हा पर्याय देऊन तो मजकूर पुन्हा मूळ स्वरूपात भरता येतो. त्या २१ मिनिटांतील नोंदींच्या वेळा साडेपाच तासांनी कमी करून धारिका दुरुस्त करून टाकावी, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा हाच प्रश्न उठणार नाही.

प्रतिसाद १४ : कराड

याला माझा ठाम विरोध आहे. आदेश आपण सांगता तसा चालतो, शंका नाही. परंतु चौकशी चालू असताना मूळ धारिकेला हात लावला, तर आज जी चूक सिद्ध करता येते आहे तिचा पुरावाच आपण नष्ट करू, आणि उद्या कोणी म्हणेल की ज्याने नोंद बदलली त्यानेच ती आधी बिघडवली नसेल कशावरून? उतरवून वाचणे मात्र अवश्य करावे, कारण युटीएमपीडम्प नोंदी लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने दाखवतो. त्या क्रमात ००:२६ च्या प्रवेशानंतर १९:३४ चे निर्गमन येते, आणि घड्याळ मागे गेल्याचे डोळ्यांना सरळ दिसते.

मी नोकरीच्या सुरुवातीला व्यावसायिक युनिक्सवर काम केले आहे. तिथे हेच काम एफडब्ल्यूटीएमपी करत असे. जुन्या युनिक्सवर डेट आदेशाने घड्याळ बदलले की आधीची आणि नंतरची वेळ अशा दोन खास नोंदी डब्ल्यूटीएमपीत पडत, आणि डब्ल्यूटीएमपीफिक्स त्यांचा आधार घेऊन मधल्या वेळा सुधारून देई. आजच्या मांडणीत क्रॉनी अशा जोडनोंदी लिहीत नाही, म्हणून आपल्याला जर्नलपर्यंत जावे लागले. ती जुनी सोय मला आजही हवीशी वाटते.

प्रतिसाद १५ : सातारा

मूळ धारिकेला हात लावू नये, हे मलाही पटते. आकाराची एक तपासणी मात्र करून ठेवा. ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी लिनक्सवर डब्ल्यूटीएमपीची प्रत्येक नोंद ३८४ बाइटांची असते, म्हणून धारिकेच्या आकाराला ३८४ ने निःशेष भाग गेला पाहिजे. बाकी उरली तर कुठेतरी अर्धवट नोंद पडली आहे आणि तिथून पुढच्या नावांवर व वेळांवर विसंबता येणार नाही. समितीतील जाणकाराने ही शंका काढली तर उत्तर हाताशी असावे.

आणखी एक, कारण आता सगळे जण लास्टकडेच पाहू लागतील. यादीत ओळ नाही म्हणजे कोणी आत आलेच नाही, असे समजू नका. धारिका नेण्यासाठी एससीपी किंवा एसएफटीपी वापरले, किंवा टर्मिनल न घेता एखादाच आदेश चालवला, तर एसएसएचडी डब्ल्यूटीएमपीत नोंद करत नाही; त्याची खूण सिक्युअर लॉगमध्येच सापडते. आत आल्यावर कोणी एसयू करून दुसऱ्याच्या खात्यात गेले, तरी सत्राची ओळ मूळ खात्याच्याच नावे राहते.

प्रतिसाद १६ : विटा

थोडे बाजूचे विचारतो. आमच्याकडे नवीन आलेल्या एका कर्मचाऱ्याने अजून एकदाही लॉगिन केलेले नाही, तरी लास्टलॉग त्यांचे दोन वर्षांपूर्वीचे लॉगिन दाखवतो. हेही घड्याळाचेच आहे का?

प्रतिसाद १७ : कराड

नाही. जुन्या कर्मचाऱ्याचे खाते काढून टाकले असेल आणि त्याचाच यूआयडी नव्या खात्याला मिळाला असेल. लास्टलॉग यूआयडीच्या क्रमांकावर चालतो, त्यामुळे जुन्याची नोंद नव्याच्या नावाखाली दिसते. यूआयडी पुन्हा वापरू नये, हाच उपाय. धारिकेचा आकार प्रचंड दिसला तरी घाबरू नका. ती मोठ्या क्रमांकापर्यंत ताणलेली पण आतून पोकळ असते, डीयूने पाहिले की खरी व्यापलेली जागा कळते.

प्रतिसाद १८ : सातारा

यंत्र बदलण्याचा विचार असेल तर एवढे ध्यानात असू द्या की या धारिकांतील वेळ ३२ बिटांची आहे आणि भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८:४४:०७ ला ती भरते. त्यामुळेच २०२५ साली आलेल्या डेबियन १३ या लिनक्समध्ये युटिल-लिनक्स या आदेशसंचाने लास्ट आणि लास्टबी देणे बंद केले आणि डब्ल्यूटीएमपीडीबी व लास्टलॉग२ ही नवी साधने आली. चुकीच्या घड्याळाचा प्रश्न मात्र तिथेही राहीलच, कारण वेळ यंत्रालाच विचारली जाते.

प्रतिसाद १९ : सांगली, धागाकर्ता

सर्वांना कळवतो. काल समितीची बैठक झाली. मी चार रकान्यांचा तक्ता नेला होता : बूटपासूनचे सेकंद, डब्ल्यूटीएमपीतील वेळ, वजाबाकीने निघालेली वेळ आणि हजेरी यंत्रावरची वेळ. लेखापरीक्षकांनी क्रॉनीची ओळ स्वतः पडद्यावर पाहिली, हू आणि अपटाइमचा फरक माझ्याकडून त्यांच्यासमोर पुन्हा काढून घेतला आणि धारिकेच्या आकाराला ३८४ ने भाग जातो तेही तपासले. भगिनींना दिलेले पत्र लेखी मागे घेण्यात आले. दोन्ही व्हाउचर १४ तारखेचीच धरली आहेत.

मूळ डब्ल्यूटीएमपी जशीच्या तशी ठेवली आहे. तिच्यासोबत १८:५० ते १९:११ या काळातील नोंदी साडेपाच तास पुढच्या असल्याचे टिपण, समितीच्या सहीनिशी, दप्तरात लावले आहे. जर्नलची निर्देशिका व्हार-लॉगखाली तयार केली, लॉगची एक प्रत रोज दुसऱ्या यंत्रावर जाऊ लागली आहे, आणि सर्व्हरच्या दर्शनी बाजूला चिठ्ठी चिकटवली आहे की बायोसमध्ये यूटीसी वेळ भरावी व क्रॉनीने वेळ जुळवल्याखेरीज काउंटर सुरू करू नयेत. भगिनींनी तक्त्याची एक प्रत मागून घेतली. घरी दाखवायची आहे, म्हणाल्या.